ळ अक्षराचा दिवस

माझी आत्या ट्रंक ऑपरेटर होती. परगावचे फोन जोडून देणं हे तिचं काम. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा उभा बोर्ड आणि हातात पितळी टोकांच्या कॉर्ड. नोकरी बोलण्याची, पण स्वतःचं असं काही बोलायची मुभा नाही. ‘नंबर सांगा’, ‘थांबा’, ‘बोला’, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

दुपारी जेवणं झाली की लाइनी थंड पडत. तेव्हा डोंगरापलीकडच्या एक्स्चेंजमधला ऑपरेटर लाइन तपासायला फोन करी. आवाज येतोय का? येतोय. संपलं. एक दिवस मात्र त्यानं वेगळंच विचारलं.

“कोळसा आणि हिरा, दोघं एकाच घरचे. ते घर कुठलं? उत्तर क पासून.”

आत्याला काही सुचलं नाही. घरी येऊन तिनं धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना गाठलं. बाबा तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी ‘कार्बन’ सांगितलं. दुसऱ्या दुपारी तिनं ते पलीकडे पोचवलं, तर उत्तर आलं, “शाबास. आता ख तुमचा.”

असा खेळ सुरू झाला. एक अक्षर त्याचं, एक तिचं. कामाची गर्दी असली की एकेक अक्षर आठवडाभर रेंगाळे. आमच्या घराला मात्र उद्योग मिळाला. आजीचं एक अंग लुळं पडलेलं, ती खाटेवरच असायची. तीही यात ओढली गेली. घ ची पाळी आत्याची. काय विचारावं, यावर बाबा डोकं खाजवत बसले होते, तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “घुबड. डोळे फिरवता येत नाहीत म्हणून सगळी मान फिरवतं. आता दिवा मालवा.”

घ नंतर आला ङ. त्यावरून शब्द कुठून आणायचा? पलीकडचा म्हणाला, आज सुट्टी, आज नुसतं बोलू. त्या दिवशी त्यानं सांगितलं की त्याला आईवडील नाहीत, काकांकडे वाढला, आणि एक्स्चेंजच्या खिडकीतून त्याला फक्त एक पाण्याची टाकी दिसते. पुढे ञ आला तेव्हा आत्यानं आजीच्या आजारपणाचं सांगितलं. एरवी ती हे कोणाला सांगत नसे.

ढ वर ती अडली असताना सुपरवायझरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आत्यानं सगळं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “ढ म्हणजे तुम्ही दोघं,” म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. त्यानंतर त्यांनी तिकडे कधी लक्ष दिलं नाही.

ह तिच्या वाट्याला आला. पृथ्वीआधी सूर्यावर सापडलेला वायू कोणता, असं तिनं विचारलं. हेलियम, हे त्याला लगेच आलं. मग ळ. पुन्हा सुट्टीचा दिवस. लाइनीत नेहमीची बारीक घरघर होती. तो म्हणाला, “ज्ञ झाला की मी तिकडे येऊ का?”

“या,” आत्या म्हणाली. तिला पुढचे दोन कॉल धड जोडता आले नाहीत.

तो आला. उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले, शर्टाला घड्यांच्या रेघा. एक्स्चेंजसमोरच्या हॉटेलात दोघं चहाला बसले. हेडफोनमधून कानाच्या आत येणारा आवाज टेबलापलीकडून आला, तो तिला परक्याचा वाटला. चहा गार झाला. उठायच्या आधी त्यानं सरळच विचारलं.

“माझ्या गावाला बदली मागाल का? आपण लग्न करू.”

आत्यानं आजीचं सांगितलं. तिला उठवायला दोन माणसं लागतात, भाऊ अजून शिकतोय. आजीला घेऊन या, असंही तो म्हणाला. पण त्या घाटातून ती खाट जाणार कशी? इकडे बदली मिळावी म्हणून त्यानं आधीच दोनदा अर्ज केला होता, तो दोन्ही वेळा नामंजूर झाला होता. बस सुटेपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली.

दोन दिवसांनी दुपारी लाइन वाजली. आवाज येतोय का? येतोय. मग तोच म्हणाला, “पुन्हा क पासून?” तिनं मान हलवली आणि मग लक्षात आलं, की मान हलवलेली त्याला दिसत नाही.

आत्या सांगते, ती दुसरी फेरी पहिलीपेक्षा गोड होती. आता आवाजाला चेहरा होता. दोघं मुद्दाम अवघड प्रश्न काढत, म्हणजे अक्षर लवकर संपू नये. फ पर्यंत पोचले आणि एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. लोक घरूनच परगावचे नंबर फिरवू लागले. बोर्ड काढला तो तिच्या रजेच्या दिवशी. कामावर आली तर भिंतीवर नुसते खिळे. तिला तक्रार विभागात बसवलं. तिथून फोन फक्त गावातच लावता येई, आणि घरी तेव्हा फोन नव्हता.

वर्षभरानं त्याचा तिथे फोन आला. लाइन एकदम स्वच्छ, घरघर अजिबात नाही. काकांनी लग्न ठरवलंय, तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये, असं म्हणाला. तिनं अभिनंदन केलं. मागे तक्रारीची माणसं ताटकळत होती.

आजी त्यानंतर तीन वर्षांनी गेली.

परवा आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, “आत्या, जायला हवं होतं असं वाटतं का गं?”

“रोज वाटतं,” ती म्हणाली. “आईला सोडून नसतेच गेले मी. पण वाटतं ना.” पुढे म्हणाली, “चेहरा आता पुसट झालाय बघ. हॉटेलातला तो आवाजही आठवत नाही. लाइनीवरचा आठवतो.”

मग वाळलेले कपडे काढायला उठली, आणि चिमटे धरायला मला हाक मारली.