आईचा चौथा डबा

आज तुमसरला आईची तेरवी झाली.

दोन वर्षांमागे मीच तिला चार डबे आणून दिले होते. किराणा, वीजबिल, दवाखाना. चौथा तिनं हट्टानं स्वतःच्या तेरवीसाठी ठेवला. एका डब्यातला पैसा दुसऱ्या खर्चाला लावायचा नाही, हे मी तिला बजावून ठेवलं होतं.

पंगत उठल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "दवाखान्याचा डबा रिकामा झाला, तेव्हापासून तिच्या बीपीच्या गोळ्या बंद होत्या. मी म्हटलं, चौथ्यातले घे. त म्हणे, पोरीनं मना केलं आहे."

मी लाखनीहून फोन केला की म्हणायची, "बरी आहो मी."

पंगत त्याच डब्यातून झाली. वर चारशे रुपये उरले. तुम्हीच सांगा, ते आता कोणत्या डब्यात टाकू?