कार्डावर लिहिलेलं क्षेम

'इकडील सर्व क्षेम' हे शब्द मला खपत नाहीत. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, आता पत्रं लिहितं कोण. नका लिहू. पण फोनवर तरी दुसरं काय बोलता? 'सगळं ठीक' म्हणायचं आणि आठ दिवसांनी कळायचं की पायाला प्लॅस्टर घातलंय. माझं डोकं फिरतं ते उगाच नाही. ह्या तीन शब्दांपायी मी एकदा माझ्या थोरल्या जावेला मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं, आणि ते माझ्या स्वतःच्या अक्षरात आहे.

ही साठ सालाच्या पुढची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्यापासून बैलगाडीच्या अंतरावर. कापूस, केळी, थोडा ऊस. घरात गुजरी आणि अहिराणीची खिचडी चालायची. मी सतराव्या वर्षी त्या घरात आले तेव्हा यजमान धुळ्याला नोकरीला होते, शनिवार-रविवारी कधी उगवले तर उगवले. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरले दीर, म्हणजे आमच्याकडचे जेठ. आणि त्यांची बायको. तिला मी बाई म्हणायचे. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी.

सासरी आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. सातवी पास होते ना, त्याचाच तोरा. पहिल्या महिन्यात माझी प्रत्येक भाकरी एका बाजूनं करपायची. बाई ती गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची आणि आपली चांगली भाकरी माझ्या नावावर पुढे सरकवायची. आत्याबाई जेठांना सांगायच्या, धाकटीचा हात बसला. बाई मान खाली घालून करपलेलं खात असायची. माझं झाकायचं काम तिनं आधी केलं, तिचं मी नंतर केलं. फरक एवढाच की तिच्या झाकण्यानं कुणाचा जीव जात नव्हता.

त्या वर्षी बाईला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं पडलं, पण ते मूल नव्हतंच. सुईण भिंतीला टेकून बसली. द्राक्षाच्या घडासारखं काहीतरी, तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. गावात कुजबुज झाली ती झालीच. पुढे दोन महिने अंगावरून जायचं थांबेना, मग खोकला लागला. जेठांनी तिला चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, हा त्या वारेतूनच उठलेला कॅन्सर आहे, छातीत पोचलाय, मुंबईला न्या, आणि उद्या नको, आजच न्या.

मुंबईला मी बरोबर गेले, कारण बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि इस्पितळात बायकांच्या खोलीत जेठ थांबू शकत नव्हते. मी जेठांसमोर तोंडावरचा पदर काढत नव्हते आणि त्यांच्याशी शब्द बोलत नव्हते. धाकट्या सुनेनं जेठांशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. मुंबईपर्यंतच्या रेल्वेत सगळा प्रवास तसा. मला पाणी हवं असलं की बाईच्या कानात सांगायचे, ती जेठांना सांगायची, आणि जेठ स्टेशनवर उतरायचे. आजारी ती, आणि निरोप्याही तीच.

मुंबईचे डॉक्टर चाळिशीचे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी जेठांना खुर्ची दिली आणि काहीही न लपवता सांगितलं. ह्या रोगावर गोळ्या निघाल्या आहेत, बाहेरच्या देशात काही बायका बऱ्या झाल्या आहेत. आपल्याकडच्या बायकांना किती द्यायच्या, किती दिवसांनी द्यायच्या, हे आम्ही अजून शिकतोय. म्हणून मोजक्याच जणींना देतोय आणि प्रत्येकीचं लिहून ठेवतोय. गोळ्यांनी रोग मरतो, पण तोंड येतं, केस जातात, रक्त कमी होतं. तुम्ही नाही म्हटलंत तरी आम्ही दुसरे उपचार करू.

आपल्या बायकोवर कुणी प्रयोग करणार, हे जेठांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तेव्हा खाटेवरून बाईच बोलली. आमच्याकडे कापसाचं नवं बी आलं की कुणी सगळ्या शेतात पेरत नाही. आधी बांधाकडच्या चार तासांत लावायचं, म्हणजे चार ओळींत, आणि वर्षभर बघायचं. बोंड कसं धरतं, कीड किती पडते, आणि जे दिसेल ते गावाला सांगायचं. बाई म्हणाली, "म्हंजे मी बांधाकडनी चार तासं. इतलंच ना? मंग पेरा." डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती. माझ्याकडून अर्थ कळल्यावर ते म्हणाले, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

पहिल्या पाच दिवसांच्या गोळ्या तिथंच दिल्या. तपासणीची तऱ्हा ऐकून आम्हाला हसू आवरेना. तिची लघवी बेडकाला टोचायची, रोग अंगात असला तर बेडकात फरक दिसतो, नसला तर दिसत नाही. बाई म्हणाली, जन्मभर तापीकाठी राहिले आणि माझं नशीब शेवटी बेडकाच्या हातात. पहिल्या खेपेला बेडूक म्हणाला, रोग आहे. पण महिन्याभरात खोकला उतरला, आणि डॉक्टरांनी पुढच्या गोळ्या घरी घ्यायला परवानगी दिली. मला छापील कार्डांचा गठ्ठा दिला. दर रविवारी एक टाकायचं. रकाने असे: ताप, तोंड, अंगावरून जाणं, वजन, गोळ्या किती घेतल्या. खाली दोन ओळी मोकळ्या. ते म्हणाले, "तोंडात फोड आले तर गोळ्या तिथल्या तिथं बंद. कार्ड वाचूनच मी पुढची पुडी पोस्टानं पाठवीन. मला इथून तुमची बाई दिसणार नाही, तुमचं कार्डच दिसेल." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं आणि मी पदराआडून मान हलवली. मान हलवायला काय जातंय.

गावी आल्यावर पहिली कार्डं खरीच गेली, कारण बाई बरी होती. वजन कापसाच्या काट्यावर व्हायचं. ती पारड्यात बसायची, मी वजनं टाकायचे. ती म्हणायची, कापूस भिजवला की जड होतो, मलाही हौदात बुडवून आण. केस जायला लागले तसं मी सकाळी तिच्या उशीवरचे केस ती उठायच्या आधी वेचून घ्यायचे. तिला माहीत होतं. ती डोळे मिटून पडून राहायची, माझं वेचून होईपर्यंत.

दुसऱ्या खेपेच्या गोळ्यांनंतर तिचं तोंड आलं. ओठांच्या आत, जिभेच्या कडेला पांढरे फोड. भाकरी बंद झाली. मी पिकलं केळं गार दुधात कुस्करून चमच्यानं द्यायचे, तेवढंच उतरायचं. रविवारी मी कार्ड घेऊन बसले आणि 'तोंड' ह्या रकान्यात 'फोड' लिहायला दौतीत टाक बुडवला. आत्याबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहितेस? मी सांगितलं.

"कागदवर वाईट लिखो नई," त्या म्हणाल्या. "वाईट लिखं का कोपरा फाडना पडस. मन्हा घरमाईन कोपरा फाडेल कार्ड जाई नई."

मेल्याची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची पद्धत सगळीकडे होती. तसं कार्ड आलं तर घरात न्यायचं नाही, ओट्यावर वाचून तिथंच फाडायचं. पण आत्याबाईंनी ते फार पुढं नेलं होतं. वाईट लिहिलं की ते खरं होतं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. आजवर त्यांनी मला लिहायला सांगितलेलं प्रत्येक पत्र 'इकडील सर्व क्षेम' नं सुरू झालं होतं, दारात बैल मरून पडला होता त्या दिवशीचंसुद्धा. आणि त्या दुष्ट नव्हत्या हो. बाईवर त्यांचा जीव होता, म्हणूनच ही भीती. मी बाईकडे बघितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं. आत्याबाईना जीव घाबरस."

मग मी लिहिलं. ताप नाही. तोंड ठीक. वजनाच्या रकान्यात आधीच्या आठवड्याचा आकडा उतरवला. मोकळ्या ओळीत, वळणदार अक्षरात, इकडील सर्व क्षेम. कार्ड टाकायला जेठ जायचे. त्यांना वाचता येत होतं, पण त्यात बायकांच्या दुखण्याचा रकाना होता, म्हणून ते मजकुराची बाजू खाली धरून न्यायचे. असं ते कार्ड घरातल्या सगळ्यांच्या हातून गेलं आणि कुणीच वाचलं नाही.

डॉक्टरांनी वाचलं. वाचून त्यांना आनंद झाला असणार, कारण पुढची पुडी वेळेवर आली. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली होती, जेठ तिकडे गेले होते. गोळ्या बघून बाईनं मला काही विचारलं नाही, मी तिला काही सांगितलं नाही. फोड अजून होते. तरी मी पेला पुढे केला आणि तिनं गोळी घेतली. हे मी लिहितेय तेव्हाही माझा हात थांबतो. मला कळत होतं. सातवी पास होते मी, मला सगळं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तिला पाणी उतरेना. अंग तापलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते फुटलं. दुपारी जेठ यात्रेतून आले. ओट्यावर बसून पाय धूत होते. मी आतून बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. पदर कधी पडला मला ठाऊक नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, माझी भीड तर दुसऱ्याच्या जिवावर चालली होती.

"दादा," मी म्हणाले, "बाईना तोंडमा फोड शेतस. पाणी बी उतरत नई. मी कार्डवर खोटं लिखं."

मी त्यांच्याशी थेट बोलले ते हे पहिल्यांदाच. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "गोळ्या कोठे शेतस?" मी उरलेल्या दोन पुढे केल्या. त्यांनी त्या धोतराच्या कनवटीला बांधल्या. तासाभरात गाडी जुंपली, तापी ओलांडून दोंडाईचा गाठलं, तिथून मुंबईला तार केली आणि पुढची रेल्वे धरली. रेल्वेत बाईला बोलता येत नव्हतं, त्यामुळे आता मीच थेट जेठांना सांगत होते, पाणी आणा, ओला फडका आणा. ते उतरून आणत होते. आत्याबाईही हट्टानं आल्या होत्या. बाईचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

इस्पितळात तीन आठवडे गेले. रक्त चढवलं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, उरलेल्या दोन गोळ्या पोटात गेल्या असत्या तर मी काही करू शकलो नसतो. मग मला एकटीला टेबलापाशी बोलावून त्यांनी एक वही उघडली. बाईच्या नावापुढे माझं कार्ड चिकटवलेलं होतं. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, घरी एवढं प्रमाण झेपतं, त्रास नाही. ते म्हणाले, "ह्याच भरवशावर मी दुसऱ्या एका बाईला तेवढंच देणार होतो. तारीखही ठरली होती, तेवढ्यात तुमची तार आली." ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच रडले, मोठ्यानं, वॉर्डातल्या बायका बघत असताना. बांधाकडच्या चार तासांत कीड पडलेली, आणि मी गावाला बी चांगलं म्हणून सांगून आले होते.

त्यानंतर प्रमाण कमी झालं, दोन खेपांमधलं अंतर वाढलं. आम्ही घरी आलो आणि रविवार आला. मी कार्ड घेऊन बाईच्या खाटेशी बसले. आता ती स्वतः सांगायची. लिही, फोड दोन, जिभेखाली. लिही, वजन पावशेर कमी. लिही, कंटाळा आला, डोक्यावर केस नाहीत म्हणून आरशावर फडका टाकलाय. आत्याबाई भाजी निवडत ऐकत होत्या. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी हातातला देठ ताटात टाकला.

"लिखी टाक," त्या म्हणाल्या, "सासू बी रडनी."

मी ते लिहिलं. मोकळ्या ओळीत, तसंच्या तसं.

पावसाळ्याच्या आधी आम्ही शेवटच्या तपासणीला जाऊन आलो. निकाल पोस्टानं येणार होता. एका दुपारी कार्ड आलं, डॉक्टरांच्या हातचं. जेठ ते उलटं धरून आले नाहीत, वाटेतच वाचलं होतं, पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं. लिहिलं होतं, बेडकात काही फरक दिसला नाही, तीनदा बघितलं. गोळ्या बंद. खाली एक ओळ होती: इकडील सर्व क्षेम.

बाईनं माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग डोक्यावरचा पदर सरकवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हाई खरं लिखेल शे का, का तू लिखे तसं?"

मी म्हणाले, खरं आहे. तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, चारही कोपरे बोटानं चाचपून बघितले आणि आत्याबाईंना नेऊन दिलं.