उसातली घसरगाडी

आमचे हे सैन्यात पूल बांधायच्या पलटणीत होते. निवृत्त होऊन रहिमतपूरकडच्या आमच्या उसात रमले, पण हातांना काही स्वस्थता नाही. त्यात आम्ही परदेशात लेकीकडे जाऊन आलो. तिथं नातीनं आजोबांना एका जुन्या लाकडी रोलर कोस्टरमध्ये बसवलं. मी खाली चपला आणि पर्स सांभाळत उभी. शेजारी लोखंडाचा नवाकोरा कोस्टर होता, याच्याहून कितीतरी उंच, तरी मोठी रांग या जुन्या लाकडापाशीच. हे उतरले तेव्हा तोंडभर हसत होते. पुढं घरी येईपर्यंत मला दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही.

"अगं, लोखंड गुळगुळीत पळतं. लाकूड जरा हलतं, चढताना कण्हतं. वरच्या तुळया आता टाळक्यात बसणार असं वाटतं. डोक्याला ठाऊक असतं, काय हुणार न्हाई. पोटाला ठाऊक नसतं."

नात डिसेंबरात येणार होती. मागच्या खेपेला तिनं आल्या आल्याच विचारलं होतं, "आजी, आम्ही परत कधी जायचं?" ते ह्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आपल्या शेतावर पोरीनं आपणहून राहावं, एवढाच ह्यांचा हट्ट.

आमच्या रानाला एका अंगाला माळ आहे. तिथून उसात उतरणारे बाभळीचे रूळ ह्यांनी घातले. सुताराला हाताशी घेतलं, मोडीत निघालेल्या बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा सरळ करून रुळांवर ठोकल्या. दोघं बसतील एवढी गाडी, कमरेला पट्टा, वर ओढायला रहाट आणि दोर. गाव चेष्टा करायचं, "सुभेदार रेल्वे काढत्यात!" मीही कमी बोलले नाही. एकदा तर कुरकुर नको म्हणून मी चाकांत तेल घातलं. भाजीत दुप्पट मीठ पडल्यावरही हे एवढे चिडले नव्हते.

"आवाज हाय म्हणून तर मजा हाय!"

पण गाडी चालली हो! गल्लीतली पोरं रांग लावून बसायची. गाडी कण्हत माळावर चढायची आणि एकदम उसात शिरायची. दोन्ही बाजूंनी पाती सळसळत अंगावर यायची, पुढं वळण आहे की खड्डा, काही दिसायचं नाही. सगळी करामत त्या उसाची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि नात यायच्या आदल्याच आठवड्यात साखर कारखान्याची ऊसतोड टोळी आली. आलेली टोळी परत पाठवली तर पुन्हा कधी येईल, देव जाणे. ह्यांनी स्वतः उभं राहून ऊस तोडून दिला. संध्याकाळी रान मोकळं झालं आणि मूठ उघडी पडली. जिथं पोरं किंचाळायची, तो उतार शाळेतल्या घसरगुंडीपेक्षा थोडासाच मोठा होता. हे बांधावर बसून बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

नात आली. आजोबांनी हौसेनं गाडी दाखवली. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढीच?"

"व्हय, एवढीच," हे म्हणाले आणि दोर गुंडाळायला लागले. ती बांधावर मोबाईल काढून बसली.

माझं डोकंच फिरलं. पोरीवर, टोळीवर, मुकाट्यानं दोर गुंडाळणाऱ्या ह्यांच्यावरसुद्धा. मी पदर खोचला आणि गाडीत बसले. तोवर एकदाही बसले नव्हते.

"आवं, ओढा!"

"तुला पाळण्यात बी चक्कर येती."

"ओढा म्हणते न्हवं!"

त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला, वर जाऊन रहाट फिरवला. गाडी कण्हायला लागली. वर पोचल्यावर मी बांधाकडे पाहिलं. पोरीची मान खालीच. ह्यांनी दोराचा आकडा काढला आणि मी छाती फुटेस्तोवर किंकाळी मारली. टोळीच्या ट्रॅक्टरवाल्यानं पलीकडच्या रानात गाडी थांबवली म्हणे. पोरगी मोबाईल तिथंच टाकून धावत आली, "आजी! आता मी! मी बसणार!"

त्या सुट्टीत तिनं परत जायची गोष्ट काढली नाही. निघायच्या दिवशी मात्र रडली, आणि हे गोठ्यामागं जाऊन नाक शिंकरून आले.

अजून कधी चहा पिताना हे विचारतात, "त्या दिवशी वरडलीस ती खरंच, का माझ्यासाठी?"

मी त्यांना खरं तेच सांगते. पहिली किंकाळी तुमच्यासाठी होती. पण तेवढ्यात गाडी सुटली, रूळ हलले, पोट वर आलं आणि दुसरी आपोआप निघाली.