जिन्यातलं वाक्य

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कवळीवाले म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ते ओ देत. डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून प्लॅस्टरचा साचा ओतायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात बसवायचा आणि उजेडाकडे धरून बघत राहायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. बायको म्हणायची, "अख्ख्या गावाच्या तोंडात दात घातलेत तुम्ही, पण स्वतः तोंड उघडाल तर शपथ!"

ती गेली त्याला तिसरं वर्ष चालू होतं. बाकीचे दिवस कामात निघून जात. रविवार मात्र अंगावर येई. रविवारी दुपारी दोघं जमिनीवर सतरंजी टाकून पत्ते खेळायची. आता सतरंजी कपाटात होती, आणि दुपार काही केल्या सरत नसे. अशाच एका रविवारी वेळ काढायला म्हणून ते वाचनालयात गेले, तर फळ्यावर लिहिलेलं दिसलं: कथालेखनाचा वर्ग, दर रविवारी दुपारी. त्यांनी तिथल्या तिथे नाव घातलं. लेखकबिखक होण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. पण वाचायचा नाद होता, आणि गोष्टीत गेलेलं माणूस उठून पुन्हा चहा टाकू शकतं एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांना ती परत हवी होती.

पहिली गोष्ट त्यांनी एका बैठकीत लिहून काढली. गोष्टीतली बायको सोशिक होती, मृदू होती, तिच्या पावलांनी घर उजळत असे, आणि शेवटी ती हसत हसत डोळे मिटत असे. वर्गात वाचताना त्यांना दोनदा थांबून डोळे पुसावे लागले. ऐकणाऱ्यांपैकी एकाने जांभई दाबली.

वर्ग घेणाऱ्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. पेनशी चाळा करत त्या म्हणाल्या, "या बाई फार छान आहेत हो. पण त्या घरात राहतात असं वाटत नाही. पाहुण्या आल्यासारख्या वाटतात. त्या चिडतात कशावर? त्यांना हवं काय असतं?"

"तिला काहीच नको असायचं," कवळीवाले म्हणाले.

"असं माणूस मी अजून पाहिलं नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्याची गोष्ट ऐकायला वळल्या.

कवळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या बाईंना काय कळणार, असं म्हणत ते तडक मेहुणीकडे गेले. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. साठी आली तरी धाकटीच. ती परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झाली होती, आणि शब्दांना मलमपट्टी करणं तिला कधी जमलं नव्हतं. शेंगा निवडता निवडता तिने गोष्ट ऐकली. आता हिचे डोळे पाणावणार, म्हणून कवळीवाले तिच्याकडे बघत होते.

"कोण ही?" धाकटीने विचारलं.

"कोण म्हणजे? तुझी ताई."

"ही? भाऊजी, काहीतरीच काय! ताई एवढं हळू कधी बोलली? खालच्या दुकानदाराशी तिचं भांडण लागलं की आमच्या गल्लीत ऐकू यायचं. आणि पत्ते? पत्त्यांत लबाडी करायची की नाही ती? मांडीखाली पत्ता दडवायची. लहानपणापासूनची खोड. ते कुठाय यात?"

"गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का?"

"मग लिहू नका. पण हिला माझी ताई म्हणू नका."

चहा तसाच टाकून ते उठले. धाकटीनेही थांबा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी मेणात बसवायची होती. एका ओळीत, एका मापाचे, पांढरेशुभ्र दात लावले की कवळी शंभर पावलांवरून खोटी दिसते. म्हणून समोरचा एखादा दात ते नेहमी किंचित कलता लावत. आजही हाताने आपणहून तेच केलं. हात तिथेच थांबला. दुपारी डबा उघडला, पण जेवायचं राहूनच गेलं. बायकोची लबाडी त्यांना दिसत होती. मांडी हलकेच उचलायची, छताकडे बघायची आणि गाणं गुणगुणायची. तेही बेसूर.

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. या खेपेला सगळं आयुष्य सोडून दिलं आणि एकच संध्याकाळ धरली. दिवे गेले होते, मेणबत्तीच्या उजेडात खेळ रंगला होता, आणि त्यांनी तिला मांडीखालच्या पत्त्यासकट पकडलं होतं. तिने रागाने पत्त्यांचा सगळा जोड खिडकीतून रस्त्यावर भिरकावला होता. मग बॅटरी घेऊन दोघं खाली उतरून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांतून पत्ते वेचत बसली होती. किलवरची पंजी काही सापडली नाही. पुढे कायम औषधाच्या खोक्याचा एक तुकडा पंजी म्हणून चालवला.

लिहिणं सोपं गेलं नाही. बाई म्हणाल्या, "दुःख झालं असं लिहू नका, पत्ते वेचा." त्यांनी दुःख खोडलं. बाई म्हणाल्या, "संवाद मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळली की समजा खोटं आहे." मग ते स्वयंपाकघरात उभे राहून दोन्ही आवाजांत बोलू लागले. त्यांचं वाक्य पडल्या आवाजात, तिचं चढ्या.

"दाखवा, कुठाय पत्ता? दाखवा ना!"

"मांडी उचल आधी."

"का उचलू? माझी मांडी आहे!"

दारावर टकटक झाली. शेजारीण होती. "पाहुणे आलेत का हो तुमच्याकडे? बाईमाणसाचा आवाज आला म्हणून म्हटलं, दूधबिध हवं असेल."

"नाही," कवळीवाले म्हणाले. "कोणी नाही आलेलं." दार लावून ते कितीतरी वेळ तिथेच कडीवर हात ठेवून उभे होते.

गोष्ट उभी राहिली, पण शेवट लंगडा होता. पत्ते वेचून दोघं वर आली, एवढंच. बाई म्हणाल्या, "जिना चढताना ती काहीतरी बोलायला हवी. इतका वेळ भांडलेली बाई गप्प कशी जाईल?"

प्रत्यक्षात ती काय बोलली होती? त्यांना आठवेना. बहुतेक काहीच नाही. आठवडाभर ते वाक्य शोधत राहिले, आणि एका सकाळी दाढी करताना ते आपोआप आलं. गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी ते कागदावर उतरवलं. जिन्यात ती वळते आणि म्हणते, "जिंकायला नाही हो करत मी लबाडी. पकडता तेव्हा माझ्याकडे बघता तरी. एरवी बघता का कधी?"

वर्गात त्यांनी ते वाचलं तेव्हा जांभई देणारा मनुष्यसुद्धा पुढे झुकून ऐकत होता. बाईंनी चष्मा काढून पुसला. "जमलं," एवढंच म्हणाल्या. "या एका वाक्यावर गोष्ट उभी आहे. मासिकाकडे पाठवूया."

कवळीवाल्यांना आनंद झाला, नाही असं नाही. पण घरी येताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ते वाक्य त्यांनी इतक्यांदा मोठ्याने म्हटलं होतं की आता ते तिच्याच आवाजात ऐकू येऊ लागलं होतं, तिच्या त्या किंचित बसक्या, चिडक्या आवाजात. खरी संध्याकाळ आठवायला गेलं की लिहिलेलीच पुढे येई. तिला परत आणायला निघालेला माणूस तिच्या तोंडी आपलेच शब्द घालून बसला होता. आणि त्या शब्दांचं उत्तरही त्यालाच द्यायचं होतं. खरंच, कधी बघितलं होतं तिच्याकडे?

ते पुन्हा धाकटीकडे गेले. मागच्या भांडणाचा विषय न काढता त्यांनी नवी गोष्ट वाचायला घेतली. पत्ते खिडकीतून उडाले तेव्हा धाकटी खो खो हसली, डोळे पुसू लागली. "हीच! हीच ती!" मग जिना आला. तिचं हसू विरलं.

"ताई असं म्हणाली तुम्हाला?"

"नाही. मी घातलं."

धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मनात असेल हो तिच्या. असणारच. पण ती म्हणाली नसती. मेली असती, पण म्हणाली नसती."

"वर्गात सगळ्यांना तेच आवडलं."

"आवडू दे. त्यांनी ताईला पाहिलं नव्हतं."

त्या रात्री नव्हे, लगेच तर नव्हेच. बरेच दिवस कुरकुरत, कागद उलटसुलट करत त्यांनी ते वाक्य शेवटी काढून टाकलं. मग जिन्यात उरलं काय, म्हणून ते डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळाने एकच गोष्ट वर आली. ती पुढे होती, बॅटरी त्यांच्या हातात होती, आणि उजेड तिच्या टाचांवर पडत होता. टाचांना भेगा होत्या. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात पत्ते घट्ट धरून ती चढत होती. त्यांनी तेवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

बाई नाराज झाल्या. "अहो, चांगलं होतं की ते! कुठे गेलं?"

"ते माझं होतं बाई. तिचं नव्हतं."

"गोष्टीत सगळं तुमचंच असतं."

"असेल. पण हे मी तिला समोरासमोर बोलू द्यायला हवं होतं. आता कागदावर बोलायला लावून काय?"

बाईंना ते पटलं नाही. मासिकाने गोष्ट छापली, पण आतल्या पानावर, आणि कोणाचं पत्रबित्र आलं नाही. शेजारणीने मात्र वाचली आणि जिन्यात भेटल्यावर म्हणाली, "टाचांना मेण लावायचं होतं हो त्यांनी." कवळीवाले मान हलवून वर गेले.

पुढच्या रविवारी वर्गाच्या आधी ते धाकटीकडे डोकावले. ती जेवून लवंडली होती. दारातच त्यांनी विचारलं, "तुझी ताई सायकल शिकली तेव्हा तू होतीस का गं?"

धाकटी उठून बसली. "होते की! मी मागे धरत होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा पेपर वाचत होतो. पुढचं विचारलंच नाही." ते खुर्ची ओढून बसले. "सायकल कोणाची होती?"

"वडिलांची. मोठ्ठी, काळी. ताईचे पाय पोचत नव्हते. दांड्याखालून पाय घालून चालवायची, अशी तिरकी होऊन."

"अंगात काय होतं?"

"आता ते कसं आठवणार!"

"आठव ना. बस, घाई नाही. वेण्या होत्या का? दोन की एक?"

धाकटीने त्यांच्याकडे नीट बघितलं. वर्गाची वेळ टळत होती. तिने उशी मांडीवर घेतली आणि डोळे बारीक केले. "दोन," ती म्हणाली. "एक कायम सुटलेली. आणि पडली ना, तरी रडली नाही. सायकललाच शिव्या दिल्या."

"काय शिव्या दिल्या?" कवळीवाल्यांनी विचारलं, आणि ते पुढे सरकले.