भाषांतरकाराचं नाव

“प्रत्येक पानाखाली या दोन ओळी कशाला? सॉफ्टवेअर फुकटचंच आहे ना?” आमच्या कॉम्प्युटर क्लासचे मालक दामले सर माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले.

फुकट नव्हे, मुक्त. फरक मला ठाऊक होता. ते सॉफ्टवेअर आणि आम्ही मराठीत आणत होतो ते त्याचं मॅन्युअल कुणीही कॉपी करावं, बदलावं. अट एवढीच की परवाना आणि काम करणाऱ्यांची नावं काढायची नाहीत. हे सरांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बघतो.”

कारण पहिली ओळ परवान्याची असली, तरी दुसरी होती, ‘मराठी भाषांतर: नलिनी भाटकर’.

भाटकरबाई जयगडच्या, आमच्या रत्नागिरीच्या क्लासात टायपिस्ट. मी पुण्यात डिप्लोमा केलेला. भाषांतर आधी माझ्याकडेच होतं. ‘अन्डू’ या कमांडसाठी मी लिहिलं, ‘क्रिया पूर्ववत करा’. टाइप करता करता बाई म्हणाल्या, “बर्वे सर, ‘केलेलं मागे घ्या’ म्हटलं तर नाय चालायचं?” दामले सरांनी ते ऐकलं आणि अख्खं मॅन्युअल बाईंकडे दिलं.

माझ्याकडे उरलं स्टायलिंग. अक्षरं केवढी, मथळे कुठल्या रंगाचे, हे एका वेगळ्या फाइलीत लिहायचं. ब्राउझर ती वाचून सगळी पानं सजवतो. त्या फाइलीत मी एक सूचना घातली: तळाचा मजकूर दाखवू नको. बाईंचं नाव सगळ्या पानांवरून एकदम गेलं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

मॅन्युअलची सीडी तयार झाली त्याच दुपारी बाई मुंबईला निघाल्या. भाषांतरकाराच्या जागेसाठी मुलाखत होती आणि दाखवायला दुसरं काम नव्हतं.

“सीडी नेऊ ना, सर?”

“न्या की,” मी म्हणालो.

तीन दिवसांनी त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या.

“नाव दिसलंच नाय हो सर. त्यांना वाटलं मी थापा मारते. मग एकाने ‘व्ह्यू सोर्स’ केलं.”

म्हणजे पानामागचा मूळ मजकूर उघडला. तिथे नाव जागच्या जागी होतं. स्टायलिंगने मजकूर दिसेनासा होतो, पुसला जात नाही.

“त्यांनी विचारलं, हे लपवलं कोणी?”

“मग?”

“म्हटलं, आमचे सर या कामात नवीन आहेत. चुकलं असेल.”

नोकरी त्यांना मिळाली होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “चुकलंच ना, सर?”

हो म्हटलं असतं तर मी नवशिक्या ठरून सुटलो असतो.

“नाही. मुद्दाम केलं.”

“माहित्येय मला. परवान्याचं भाषांतरही मीच केलंय. इतिहासाचं कलम वाचा जरा.”

वाचलं. मॅन्युअलमध्ये कुणी काय बदललं, ते ज्याने त्याने ‘इतिहास’ नावाच्या पानावर नोंदवायचं असतं. बाईंसमोरच मी टाइप केलं: ‘भाषांतरकाराचं नाव लपवलं होतं. आता परत दाखवलं आहे.’ खाली माझं नाव.

पुढच्या आवृत्त्या इतरांनी केल्या. माझं स्टायलिंग केव्हाच गेलं. ती नोंद मात्र आहे. इतिहासाचं पान कुणालाही काढता येत नाही, मलाही नाही.