खारट कपाळ

मुलांनो, आज कैरीच्या फोडींना मीठ लावत होते आणि आपली तन्वी फोनवर तिचा अभ्यास समजावत होती. “आजी, पेशीत प्रथिन तयार झालं की ते तिच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचवावं लागतं. एका आजारात त्याची घडी चुकते, म्हणून पेशी ते आतच अडवते आणि मोडून टाकते. मीठ वाहून नेणारं ते प्रथिन जागेवर नसलं, की घामातलं मीठ अंगात परत शोषलं जात नाही. अशा बाळांचा घाम फार खारट असतो.”

माझा हात थांबला. तुमचा मोठा काका, माझा थोरला, आठ महिन्यांचा होता तेव्हाचं आठवलं. ठाण्याच्या घरी त्याच्या कपाळाचा मुका घेऊन मी म्हटलं होतं, “आई, हा किती खारट लागतो!”

“अगो, मिठागरवाल्यांचा नातू तो, गोड कसा लागंल?” सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

वर्षाचा व्हायच्या आत तो गेला. डॉक्टरांसाठी मी नीट यादी केली होती: खोकला, जुलाब, न वाढणारं वजन. खारट कपाळ तिच्यात लिहिलं नाही. घरातली गंमत त्यांना कशाला सांगायची, असं वाटलं.