आत्याबाईंचे डोळे

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. मांडवगणात त्यांच्या नजरेचा धाक होता. भाकरीचा पदर सुटला नाही, तर त्यांना दारातून दिसायचं. पातेल्याच्या काठाखाली राहिलेला डाग त्या शेजारणींना बोलावून दाखवायच्या. लग्न झाल्यापासून मी त्या नजरेखालीच होते. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि आत्याबाई गप्प झाल्या. तांब्यासाठी हात पुढं करून विचारायच्या, "मंगल, हायस का गं?" मला — कसं सांगू? — मला बरं वाटायचं.

शिरूरच्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांना बाहेर बाकावर बसवून मला म्हणाले, "लेन्स बसवून घ्या. जास्त पिकू देऊ नका." आत्याबाईंना ऑपरेशनची धास्ती होती, वरवंडच्या त्यांच्या बहिणीला नंतर बरेच दिवस त्रास झाला होता. परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "काय म्हणला गं डॉक्टर? तू शिकलेली हायस. तू म्हणशील तसं."

काय सांगायचं होतं मी? करून घ्या, एवढंच ना?

"या वयात नको म्हणाले," मी सांगितलं. घरी नवऱ्यालाही तेच. आत्याबाईंना तर सुटल्यासारखं झालं. त्यांनी माझा हात दाबला.

पुढच्या उन्हाळ्यात उजवा डोळा लालभडक झाला. डोकं धरून त्या ओरडायच्या. दौंडला नेलं. मोतीबिंदू फार पिकून आतलं प्रेशर वाढलं होतं, नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, "हा गेला. डावा तरी लगेच करा."

नवरा तयार झाला. आत्याबाई हटून बसल्या. "न्हाई. मंगलला तवाच सांगितलं व्हतं डॉक्टरनं, या वयात नको म्हणून."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "खरंच तसं म्हणाले होते?"

डावा डोळा अजून वाचण्यासारखा होता. माझ्या एका शब्दावर होता.

मी म्हणाले, "हो."

डावाही तसाच गेला.

आता ओसरीवर बसून त्या बायकांना सांगतात, "सून लई जपती मला." मी आत असते, ऐकते. बाहेर येत नाही.

एसटीतलं खोटं तोंडातून निसटलं, असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मला सगळं कळत होतं.